भागाबाईच्या वावरात पाणी आहे

मी, अभिमन वना बाविस्कर, वय वर्षे शहात्तर, धंदा शेती आणि पाणी दाखवणे, मूळ राहणार मौजे लोणवाडे, तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव, हल्ली मुक्काम मुलगी शेवंताबाई हिच्या घरी, मेहरूण, जळगाव, आज दिनांक २० एप्रिल १९९२ रोजी हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी शुद्ध ठीक आहे. सकाळी कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली, ती शेवंताने दिली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आहे तो फक्त शेवंताचा, की एवढ्या उन्हात लिहीत बसू नका, आणि तो मी जुमानत नाही.

वकील मोहनलालजी यांनी मला नमुना दिला होता. त्यात 'मानवी देह नश्वर असून' असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. ते मी काढून टाकलं. नश्वर आहे म्हणून तर लिहायला बसलो, नाहीतर आत्ता ओट्यावर पत्ते खेळत असतो.

कलम पहिले. लोणवाड्याचं राहतं घर, पुढचा ओटा आणि मागच्या परसातील लिंबाच्या झाडासह, माझा मुलगा चुडामण यास द्यावे. झाड तोडू नये. चुडामणची आई कमलबाई त्या झाडाखाली पापड वाळवत असे आणि वाळवताना मला नावं ठेवत असे. ती जाऊन नऊ वर्षं झाली, पण झाडाखाली बसलं की कान अजून तापतात.

कलम दुसरे. माझी स्वकष्टार्जित शेतजमीन चार एकर, विहिरीसह. त्यापैकी तीन एकर चुडामणला आणि गावालगतचा एक एकर शेवंताबाईला. मुलीला जमीन कशाला, असं भाऊबंदांपैकी कोणी म्हणाल्यास त्याने आधी हे सांगावं, की मला गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला तेव्हा तो कुठे होता. पोस्टाच्या पुस्तकात जे असेल तेही शेवंताचं. आकडा इथे लिहीत नाही, चुडामणला उगाच झोप लागायची नाही.

कलम तिसरे. कमलबाईच्या चांदीच्या पाटल्या नात कुंदा हिला द्याव्यात. ती धुळ्याला कॉलेजात खडक-मातीचं शास्त्र शिकते. घरातले लोक तिला विचारतात, याने नोकरी लागेल का. मी विचारत नाही. कारण कलम सहामध्ये येईल.

कलम चौथे. भरीत ठेचण्याची लाकडी बडगी कोणा एकाची नाही, ती गल्लीची समजावी. ज्याच्या घरी लग्न, त्याने न्यावी आणि धुऊन परत आणावी. धुऊन, हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. माझ्या दहाव्याला गोडधोड करू नये. हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजून भरीत करावं, मिरची सढळ हाताने घालावी. डोळ्यांतून पाणी आलंच पाहिजे, मग ते मिरचीने येवो की कशाने.

कलम पाचवे, जुनी उणीदुणी. रुपचंद गुरुजींनी सन १९७८ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळताना राणी मांडीखाली लपवली होती. ती मी पाहिली होती. बोललो नाही, कारण त्या डावात गुलाम माझ्या मांडीखाली होता. गुरुजींना मी माफ करतो. माझी पहार मात्र त्यांच्याकडे अकरा वर्षं आहे, ती माफ नाही, ती परत करावी.

आता हत्यारांकडे येतो. इथून पुढे जरा सावकाश लिहावं लागेल.

कलम सहावे. माझ्याजवळ तीन वस्तू आहेत. जांभळाची दुबेळकी काठी एक, माझ्या वडिलांची. शेंडीचा नारळ एक, तो दर दसऱ्याला नवा घेतो. आणि एक वही.

आमच्या भागात विहीर खणायची तर आधी पाणाड्याला बोलावतात. पाणाड्या म्हणजे पाणी कुठे लागेल ते सांगणारा. तो दिवस उगवायच्या आत उपाशीपोटी, अनवाणी वावरात जातो. मालक पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालतो. कोणी बोलायचं नाही. पाणाड्या काठीची दोन टोकं मुठींत धरून चालतो आणि जिथे काठीचं नाक खाली वळतं तिथे मालक तांब्या ओततो. मग नारळ फुटतो, पाणाड्याला टोपी-उपरणं मिळतं. हे काम माझे वडील वना बाविस्कर करत आणि त्यांच्यामागे मी चाळीस वर्षं केलं. एकशे त्रेचाळीस विहिरी दाखवल्या. अमळनेरपासून पाचोऱ्यापर्यंत लोक मला 'पाणीवाले नाना' म्हणतात, आणि ते मला फार आवडतं, हे कबूल करतो.

तर मी या लेखाने जाहीर करतो की, काठी वळते ही माझी आजवर सांगितलेली समजूत मी मागे घेतो. काठीत काही नाही. ती जळाऊ लाकूड आहे. पाणी मला डोळ्यांनी कळत होतं. उंबर कुठे उगवला, वारुळ कुठे आहे, चैत्रात हरळी कुठे हिरवी राहते, भर उन्हात गावचं कुत्रं कुठली माती उकरून पोट टेकतं, हे सगळं मी आदल्या संध्याकाळी गुपचूप जाऊन पाहून यायचो. सकाळी फक्त मनगट फिरवायचो. वडिलांनीही मला हेच शिकवलं होतं आणि वर सांगितलं होतं, की डोळ्याला कोणी उपरणं देत नाही, काठीला देतात. तरीही अडतीस विहिरी कोरड्या गेल्या. तेव्हा मी म्हणायचो, मालकाच्या पायात चप्पल होती. ज्या अडतीस मालकांच्या चपला मी बदनाम केल्या, त्यांची माफी मागतो.

वहीत प्रत्येक विहिरीची खूण, माती आणि लागलेलं किंवा न लागलेलं पाणी खरं खरं लिहिलं आहे. ती वही कुंदाला द्यावी. तिने मागच्या दिवाळीत ती चाळून सांगितलं, आजोबा, हे तर आमच्या पुस्तकात आहे, फक्त तुमचं कुत्रं आमच्या पुस्तकात नाही. मला इतका आनंद कुठल्या उपरण्याने झाला नव्हता.

काठीचं काय करायचं ते पुढच्या कलमात आहे.

कलम सातवे. हे कलम मी तीनदा लिहून फाडलं आहे. मोहनलालजी म्हणाले, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग कुठे लिहितात ते सांगा.

सन १९७१ च्या चैत्रात आमच्या गावचे लोटन महाजन यांनी मला त्यांच्या नदीकाठच्या वावरात विहिरीची जागा दाखवायला बोलावलं. मी आदल्या दिवशी जाऊन पाहून आलो होतो. उत्तरेच्या बांधाला बारीक उंबर, जवळ वारुळ, आणि वारुळापाशी ओल्या मातीत एक लाल कुत्री पिल्लं घेऊन पडलेली. अशी वावरं मी आयुष्यात दोन-तीनच पाहिली असतील. चाळीस फुटांच्या आत पाणी, आणि तेही उन्हाळ्यात न आटणारं. रात्री जेवताना मी कमलबाईला म्हणालोसुद्धा, लोटनचं नशीब उघडलं.

सकाळी मी जरा जास्तच ऐटीत गेलो. वीसेक माणसं जमली होती. लोटनची बायको भागाबाई न्याहारीची टोपली घेऊन आली होती. तेव्हा तिशीची असेल. सगळे काठीकडे बघत होते, ही एकटी माझ्या हाताकडे बघत होती. मी उंबराजवळ पोहोचलो, काठी वळली, लोटन तांब्या ओतायला वाकला, आणि बाई मोठ्याने बोलली.

"काडी नई फिरनी नाना, तुमनं मनगट फिरनं."

पाणाड्याच्या मागे कोणी बोलत नाही. वीस माणसं हसली. लोटन हसला. कमलबाई पाठीमागे उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. तो पदर मला विसरता आला नाही. मी पंचावन्न वर्षांचा बाप्या, सात गावांत मान, आणि एका बाईने टोपली खाली न ठेवता मला उघडं पाडलं. बरं, खोटंही बोलली नव्हती.

मी लोटनच्या हातातला तांब्या थांबवला आणि म्हणालो, इथे पाणी नाही, खाली काळा पाषाण आहे, काठी खडकाला वळली. संध्याकाळी लोटन चावडीवर आला. त्याने पंचांसमोर मला पुन्हा विचारलं, हात जोडून विचारलं. मी सगळ्यांसमोर उभा राहून बापाचं नाव घेऊन सांगितलं, की लोटनच्या वावरात पाणी निघालं तर मी ही काठी मोडून टाकीन. मला ठाऊक होतं की पाणी आहे. चूक नव्हती ती. मी खोटी साक्ष दिली.

लोटनने विहीर खणली नाही. सोबतच्या सगळ्या वावरांत केळी झाली, लिंबाच्या बागा झाल्या, आणि यांचं वावर कोरडवाहू राहिलं. लोटन दुसऱ्यांच्या बागेत पाणी भरायला जात असे. सन त्र्याऐंशीत तो वारला. भागाबाईने दोन म्हशी आणि ज्वारीवर मुलगा नथ्थू वाढवला. चैत्र-वैशाखात ती माझ्या विहिरीवरून म्हशींसाठी हंडे न्यायची, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक. मी ओट्यावरून बघायचो. मला त्याची लाज वाटायची आणि आजही वाटते. इतकी वर्षं ती लाज मी तोंडातल्या तंबाखूसारखी एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत राहिलो.

भागाबाई त्या विषयावर पुन्हा कधी भांडली नाही. फक्त भेटली की विचारायची, "नाना, मनगट बरं शे ना?" लग्नात, मयतीत, एसटीच्या रांगेत, एकवीस वर्षं. लोकांना वाटायचं मला वात आहे. एकाने तर मला तेल आणून दिलं.

मग आज काय झालं? तर, मागच्या पौषात शेतात भरिताचं जेवण होतं. चुडामणने मला विचारलं, नाना, तुम्ही आयुष्यात कोणाची जागा मुद्दाम चुकवली का? पोट भरलेलं, जिभेला मोकळीक, मी हसत सगळं सांगून टाकलं. चुडामणही हसला. मला वाटलं, बापाची गंमत ऐकून हसला. माघात शेवंताने बातमी आणली की चुडामण आणि नथ्थू यांची बोलणी चालू आहेत. नथ्थूला धुळ्याला जाऊन रिक्षा घ्यायची आहे. भागाबाईचं ते वावर चुडामण कोरडवाहूच्या भावात घेणार आणि आखाजीच्या मुहूर्तावर सौदा पक्का करणार. भागाबाई विकायला तयार नाही. पण नथ्थू तिला म्हणतो, आई, खुद्द नानांनी बापाची शपथ घेतली होती, त्या खडकात काय ठेवलंय?

म्हणजे माझ्या खोट्या साक्षीने त्या बाईचं पाणी गेलं आणि आता त्याच साक्षीने तिचं वावर जाणार, आणि येणार कोणाच्या घरात, तर माझ्या. चुडामण वाईट नाही. तो उतावळा आहे, लहानपणी दूध तापायच्या आधी साय मागायचा. पण हे मी होऊ देणार नाही.

म्हणून मी लिहून देतो की, सन १९७१ साली चावडीवर पंचांसमोर दिलेली माझी साक्ष खोटी होती आणि ती मी मागे घेतो. भागाबाई लोटन महाजन यांच्या वावरात पाणी आहे. उत्तर बांधाच्या उंबरापासून पूर्वेला अकरा पावलं, माझी नव्हेत, साधारण माणसाची. चाळीस फुटांच्या आत लागेल. बाईंनी त्या दिवशी जे म्हटलं ते अक्षरशः खरं होतं आणि ते तिथे हजर असलेल्यांपैकी फक्त त्यांनाच दिसलं होतं.

हे सरळ जाऊन सांगायला मी तीनदा त्यांच्या दारी गेलो होतो. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. कागदावर मी जरा धीट आहे.

मोहनलालजी म्हणाले, नाना, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी म्हणालो, आखाजी पंधरा दिवसांवर आली, तेवढ्यात मरायचा माझा बेत नाही. शिवाय साक्ष जिथे दिली तिथेच ती मागे घ्यायला हवी, आणि तोंड दाखवून. म्हणून येत्या रविवारी हा कागद मी स्वतः लोणवाड्याच्या चावडीवर वाचणार आणि सही तिथेच करणार.

कलम आठवे. माझं पाच अश्वशक्तीचं ऑइल इंजिन पाईपांसह भागाबाई लोटन महाजन यांस द्यावं. विहीर झाली की पाणी काढायला लागेल. हे नुकसानभरपाई म्हणून नाही, एकवीस वर्षं इंजिनाने भरून निघत नाहीत, एवढं मला कळतं.

पुरवणी, दिनांक २६ एप्रिल १९९२, लोणवाडे, चावडीवर बसून लिहिली.

वरील मजकूर मी आज सकाळी गावासमोर मोठ्याने वाचला. कलम पाचव्याला गुरुजी सोडून सगळे हसले. सहाव्याला जुने दोन मालक आपापल्या चपलांकडे बघू लागले. सातवं वाचताना शेवंताने मला दोनदा पाणी दिलं. वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही.

चुडामण उठून उभा राहिला. म्हणाला, "नाना, हे घरात बोलायचं होतं."

मी म्हणालो, "घरात बोललो होतो, म्हणूनच इथे बोलावं लागलं."

तो खाली बसला. पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मग नथ्थूने विचारलं, अकरा पावलं नक्की कुठल्या खोडापासून, जुन्या की नव्या. त्या एका प्रश्नाने मला कळलं की सौदा मोडला. मी सांगितलं, जुन्या. नथ्थू आईकडे बघून म्हणाला, आखाजीला वावर विकायचं नाही, त्या दिवशी पहिली कुदळ मारायची. रिक्षाचं पुढे बघू.

मग मी काठी मोडायला घेतली. गावातला एक जण म्हणाला, नाना, पाणी तर निघू द्या आधी. मी म्हणालो, मला ठाऊक आहे तेव्हा वाट कशाची बघायची. पण काठी मोडेना. वडिलांच्या आणि माझ्या हाताच्या तेलाने ती लोखंड झाली होती. मी गुडघ्यावर धरून दोनदा जोर केला, गुडघाच बोलला. तेव्हा भागाबाई उठल्या, काठी पायरीला तिरकी टेकवली आणि टाच मारली. एका टाचेत दोन तुकडे. ते चावडीमागच्या चुलीत गेले आणि त्यावर साक्षीदारांचा चहा झाला. चांगला झाला होता. चाळीस वर्षांत काठीने पाण्याचं खरं काम पहिल्यांदाच केलं.

आता कलम आठव्याविषयी. साक्षीदार म्हणून एक सही रुपचंद गुरुजींची ठरली होती. दुसरी कोणाची, असं मी विचारल्यावर भागाबाई पुढे आल्या. मोहनलालजींनी त्यांना समजावलं, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याची साक्षीला सही घेऊ नये, उद्या कोणी वाद काढतो. बाई, तुम्हाला इंजिन आहे, सही दुसऱ्या कोणाला करू द्या. इंजिन नवं घ्यायला काय पडतं हे त्या चावडीवर सगळ्यांना माहीत होतं. नथ्थूने तर आईचा पदरच ओढला.

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही.

"इंजिन नको माले, नाना. खाले सही मी करसू. मना वावरमा पानी शे, हाई माले ठाऊकच व्हतं. तुमनाच तोंडतून निंघाले एकवीस वरीस लागनात, त्यानी साक्ष मीच देसू."

म्हणून कलम आठवे रद्द समजावे. इंजिन आणि पाईप चुडामणकडे जातील. त्यावर चुडामण स्वतःहून म्हणाला, की पाणी लागलं त्या दिवशी मी ते बैलगाडीत घालून महाजनांच्या बांधावर नेऊन बसवीन, मोबदला घेणार नाही. हे तो बठ्ठ्या गावासमोर बोलला आहे म्हणून इथे लिहून ठेवतो. माझ्या रक्ताचा आहे, चावडीवर बोललेलं कागदावर असलेलं बरं.

मोहनलालजी शाईचं पॅड पुढे करत होते. भागाबाईंनी ते बाजूला सारलं. मागच्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात त्या जात होत्या हे मला माहीत नव्हतं. बोटाने ओळ धरून त्यांनी नाव लिहिलं, आणि ते लिहून होईपर्यंत चावडीवर कोणी चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. त्याआधी मी माझी सही केली. अक्षर वाकडं आलं आहे, पण ते माझंच आहे.

येणेप्रमाणे हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. यानंतर काही आठवलं तर चावडीवर येऊन तोंडीच सांगेन, आता सवय झाली.

लिहून देणार: अभिमन वना बाविस्कर (सही)

साक्षीदार १: रुपचंद गुरुजी, निवृत्त शिक्षक, लोणवाडे (सही). पहार उद्या आणून देतो.

साक्षीदार २: भागाबाई लोटन महाजन (सही)

स्थळ: चावडी, मौजे लोणवाडे. दिनांक: २६ एप्रिल १९९२.

टीप, रुपचंद गुरुजींच्या हातची: दुसऱ्या साक्षीदाराने सही केल्यावर नानांच्या सहीवर बोट ठेवून काही म्हटलं आणि तेही लिहून घ्या असा आग्रह धरला. वकीलसाहेबांची हरकत नाही, म्हणून लिहितो. बाई म्हणाल्या, "आते मनगट बरं शे, नाना."